दाण्याची जवारी: अंधारातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचं काम

सांगलीत लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या कुणालाही ‘फोटो फुटलाय’ हे दोन शब्द ऐकले की धडकी भरते. नवरीचा मामा मोबाइलवर दोन बोटांनी फोटो ताणतो, गालावर दाणे दिसतात आणि राहिलेल्या पैशांचं बोलणं पुढच्या महिन्यावर जातं. कमी उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, चढवला की हे दाणे दिसतात. म्हणून आमच्या धंद्यात सगळे आयएसओला भितात. मीही कित्येक वर्षं भीत होतो. रविवारी स्वतःच्या हौसेने काढलेले काळे-पांढरे फोटोसुद्धा आयएसओ ८०० च्या आत कोंबायचो आणि हललेले, काळवंडलेले फोटो घेऊन घरी यायचो.

ही भीती मोडली मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतल्या कारखान्यात दिवा अजून एकच. त्या दिव्याखाली तिथले कारागीर, चाचा, तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. सुरुवातीला तार नुसती ‘टण्ण’ वाजून थांबायची. मग त्यांनी तारेखालचं सूत केसभर पुढे सरकवलं आणि तीच तार गुंजायला लागली. बारकाईने पाहिलं तर जवारी म्हणजे तार घोडीला किंचित घासते तो आवाज. तो नसेल तर तंबोरा मुका, फार झाला तर खडखडाट. फोटोतल्या दाण्याकडे मी तेव्हापासून याच कानाने बघतो. दाणा किती आणि कुठे ठेवायचा, हे हाताला लागलं पाहिजे. ते कसं लावायचं, त्यासाठी हा लेख.

दाणा येतो कुठून

फिल्मचा दाणा आणि डिजिटलचा नॉइज, म्हणजे डिजिटल फोटोतली खरखर, ही सख्खी भावंडं नाहीत, चुलत म्हणता येतील. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे स्फटिक असतात. डेव्हलप केल्यावर त्यांची काळी चांदी होते आणि तिचे पुंजके आपल्याला दाणा म्हणून दिसतात. वेगवान फिल्म म्हणजे मोठे स्फटिक, म्हणजे जाड दाणा. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली ३५ मिमी रोलमध्ये आली आणि वृत्तपत्रवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. खोलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो निघायला लागले. १९६८ च्या आसपास जपानमधल्या काही छायाचित्रकारांनी तर ‘आरे, बुरे, बोके’, म्हणजे खरखरीत, हललेलं आणि फोकस सुटलेलं, हाच आपला बाणा केला. अंधारातला फोटो असाच दिसतो, हे आपल्या डोळ्यांत तिथून बसलंय.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर स्फटिक नसतात. तिथे मुख्य कारण उजेडच. अंगणात ओळीने वाट्या मांडा आणि रिमझिम पावसात मिनिटभर ठेवा: एकीत सात थेंब, दुसरीत बारा, तिसरीत नऊ. धो धो पाऊस असेल तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरतात. पिक्सेल म्हणजे अशी वाटी, आणि थेंब म्हणजे उजेडाचा कण, फोटॉन. सरासरी १०० फोटॉन पडले तर चढउतार सुमारे १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. याच्या वर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सर्किटची थोडी खरखर असते, ती अगदी गडद भागात जाणवते. आयएसओ म्हणजे फक्त अँप्लिफायरचं बटण. कीर्तनाच्या मंडपात आवाज वाढवला की बुवाही मोठ्याने ऐकू येतात आणि घोंघावही, पण घोंघाव बटणाने तयार केलेला नसतो.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक, डिजिटल नॉइज सावल्यांत साठतो, तर फिल्मचा दाणा जास्त दिसतो तो मधल्या करड्या छटांत, म्हणजे भिंतीवर, कातडीवर, ढगाळ आभाळात. त्यामुळे डिजिटल फोटो जसाच्या तसा काळा-पांढरा केला की सावली मळकट आणि कपाळ प्लॅस्टिकसारखं दिसतं. दुसरी गोष्ट रंगाची. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना १९७६ साली पेटंट मिळवलेली गाळणी आज जवळपास प्रत्येक सेन्सरवर आहे: चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा जवळजवळ उपाशीच असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची दुरुस्ती, त्याला ताणून बरोबरीला आणतो आणि त्याच्या सोबत त्याचा नॉइजही ताणला जातो. हिरवे-जांभळे डाग येतात ते इथून.

ही गाळणीच काढून टाकलेले कॅमेरेही आहेत. लायकाचा एम मोनोक्रोम २०१२ चा, पेंटॅक्सचा के-३ मार्क थ्री मोनोक्रोम २०२३ चा. गाळणीत अडणारा उजेड वाचतो, त्यामुळे साधारण एक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फायदा होतो आणि दाणा फार देखणा येतो. पण खालचं सगळं हातातल्या साध्या कॅमेऱ्यावर होतं. माझं तरी होतं.

घरीच करून घ्यायची तयारी

कॅमेरा रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) अधिक जेपीईजीवर ठेवा आणि पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोम करा. मागचा पडदा काळा-पांढरा दिसतो, रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. याचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा मोठा आहे. लाल साडी आणि हिरवी साडी पडद्यावर एकाच करड्या रंगाच्या दिसल्या की आपण आपोआप रंग सोडून उजेड शोधायला लागतो.

जेपीईजीचं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन बंद किंवा सगळ्यात कमी. शटर मेकॅनिकल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. तिथे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे येत नाहीत. त्याहून जलद हवं असेल तर दोन-चार फ्रेम जास्त काढा.

काही सेन्सरमध्ये एका ठराविक आयएसओवर सर्किटच बदलतं आणि सावल्या अचानक स्वच्छ होतात. सोनीच्या ए७ थ्रीमध्ये ते ६४० ला होतं, म्हणजे तिथे ५०० पेक्षा ६४० बरं. आपल्या कॅमेऱ्याचा आकडा माहीत करून घ्या.

आता खरी तयारी. यावर एक संध्याकाळ घालवा. कॅमेरा तिपाईवर लावा. समोर खुर्चीवर काळा कोट, शेजारी पितळी तांब्या, मागे चुन्याची भिंत. एकच दिवा. आयएसओ ८०० पासून दुप्पट करत २५,६०० पर्यंत जा, प्रत्येक फ्रेमचं एक्सपोजर शटरने सारखं ठेवून. फोटो काळे-पांढरे करा, प्रत्येकाची मूळ आकारातली एकेक पट्टी कापा, सगळ्या पट्ट्या १२ बाय १८ च्या एका कागदावर लावून लॅबमधून प्रिंट आणा. पेनाने आकडे लिहा, भिंतीवर चिकटवा. दोन दिवस येता-जाता बघा. पडद्यावर ज्याला तुम्ही ‘गेला’ म्हटलं होतं, तो ६४०० चा तुकडा कागदावर चारचौघांसारखा दिसेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा. त्याची १२ बाय १८ ची प्रिंट म्हणजे इंचाला ३३३ पिक्सेल, एक पिक्सेल ०.०७६ मिमीचा. हातभर अंतरावरून धडधाकट डोळ्याला एवढा बारीक ठिपका सुटा दिसतच नाही. पडद्यावर १०० टक्के झूम करून रडणं म्हणजे भाकरी भिंगाखाली बघून ‘पीठ जाड दळलंय’ म्हणण्यासारखं.

माझ्या भिंतीवर १२,८०० ला पेनाने रेघ मारलेली आहे. त्याच्या वर मी जात नाही. तुमची रेघ तुम्ही मारा.

जागेवर

पहाटे पाचची तालीम. तांबड्या मातीचा हौद, वर दोन ट्यूब, त्यातली एक अर्धमेली. पैलवान हलतात, त्यामुळे शटर १/२५० च्या खाली आणता येत नाही. लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडी. पहिल्या खेपेला मी जुन्या सवयीने आयएसओ १६०० वरच थांबलो. फोटो दोन स्टॉप अंधारे आले. ‘घरी उचलू’ म्हटलं आणि घरी उचलले. मातीत आडवे पट्टे, पाठीवर डागांचे नकाशे. ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत.

पुढच्या खेपेला तेच शटर, तीच लेन्स, आयएसओ ६४००. सेन्सरवर पडलेला उजेड दोन्ही दिवशी सारखाच. नव्या सेन्सरमध्ये या दोन फायलींत फार फरक नसतो. माझ्याकडच्यासारख्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र मोठा असतो, कारण सर्किटची खरखर सिग्नल वाढवल्यानंतर मिसळते आणि तुम्ही घरी सिग्नलसोबत तीही उचलता. शिवाय बरोबर एक्सपोजरचा फोटो जागेवरच दिसतो, चूक जागेवरच कळते. म्हणून आधी शटर आणि लेन्सने मिळेल तेवढा उजेड गोळा करा. आयएसओ सगळ्यात शेवटी, आणि तो हात आखडून नको.

मी आणखी एक करतो. पाव ते अर्धा स्टॉप उजळ काढतो आणि घरी खाली आणतो. काढताना फोटो जरा फिकटच वाटला पाहिजे. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, डाव्या भिंतीला टेकलेला नको. उजवीकडे बल्ब पांढरा फुटला, म्हणजे तपशील जाऊन कोरा पांढरा झाला, तर फुटू दे, बल्ब पांढराच असतो. कपाळ आणि खांदा फुटता कामा नये. एवढं सांभाळलं की सावलीतला नॉइज खाली आणताना काळ्यात बुडतो, आणि उरतो तो मधल्या छटांतला, नेमका फिल्मसारखा.

कारखान्यात चाचा बसलेले असतात, हलतो तो फक्त हात. तिथे एफ/२.८, १/६०, आयएसओ ३२०० वर भागतं. कानस किंचित हललेली येते, ती मला आवडते. कवठेपिरानच्या वाटेवर रात्रीच्या गुऱ्हाळात काहिलीखालचा जाळ हाच दिवा: एफ/१.८, १/१२५, आयएसओ १२,८००. वाफ आणि दाणा यांचं इतकं जमतं, की मागचा माणूस कुठे संपतो आणि धूर कुठे सुरू होतो ते शोधावं लागतं.

मात्र दाणा सगळ्यांनाच शोभत नाही. उजेडाला दिशा हवी: एका बाजूने खिडकी, दार, जाळ. कार्यालयाच्या हॉलसारखा चारी बाजूंनी सपाट पांढरा उजेड असेल आणि वर नॉइज, तर फोटो ओल्या सिमेंटसारखा होतो. डोळे बारीक करून बघा. तीन-चार मोठे काळे-पांढरे आकार उरले तर फोटो दाणा पेलेल, नाही उरले तर कॅमेरा खाली घ्या. हळदीच्या सौद्यात मी दोनदा फसलो. पोत्यांची वीण, हळकुंडांचा खडबडीतपणा, हवेतली भुकटी, त्यात माझा दाणा, आणि सगळे एकाच मापाचे. तिथे आयएसओ कमी ठेवा. बारशातल्या बाळाच्या गालावर दाणा नको, हे मामाचं म्हणणं मला अजूनही मान्य आहे.

संगणकावर, याच क्रमाने

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम असो नाहीतर फुकटातले डार्कटेबल आणि रॉथेरपी, क्रम तोच. आकडे लाइटरूमचे देतो.

पहिल्यांदा व्हाइट बॅलन्स नीट करा. काळ्या-पांढऱ्याला त्याची काय गरज, असं वाटतं, पण रंगावरूनच करडी छटा ठरते. मग रंगाचा नॉइज काढा. इथे बहुतेक जण चुकतात: ‘रंग तर जाणारच आहेत’ म्हणून कलर नॉइज रिडक्शन शून्यावर नेतात. रंगाचे डाग करड्यात उतरताना उजेडाचे डाग होतात, आणि ते मोठे, पुंजक्या-पुंजक्याचे, बुरशीसारखे दिसतात. रॉ फाइलला ते २५ वर असतं, तिथेच ठेवा, पिवळ्या बल्बखालचा फोटो असेल तर ४० करा. ल्युमिनन्स, म्हणजे उजेडाचा नॉइज काढणारी पट्टी, मात्र शून्य, फार तर १०. हाच आपला दाणा, तो धुऊन टाकायचा नाही. एप्रिल २०२३ पासून लाइटरूममध्ये एआयचा डीनॉइज आहे. लग्नाच्या कामात मी तो वापरतो आणि तो पैसा वसूल करून देतो. चाचांच्या हातावर वापरून पाहिला तर बोटं मेणाची झाली, घट्टे गायब.

मग काळं-पांढरं करा. मिक्सरमध्ये लाल, नारिंगी आणि पिवळा हाताशी धरा, बल्बच्या उजेडात त्यांच्याकडेच खरा माल असतो. निळ्याला ओढू नका. कासच्या पठारावरचं आभाळ काळंकुट्ट करायला निळा पूर्ण खाली नेला, की आभाळात वाळू पडते आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ येते. त्या वाळूला दाणा म्हणून कुणी कौतुक करू नये.

पुढे काळा. ब्लॅक्स खाली ओढा, इतके की सगळ्यात गडद भाग खरोखर काळा होईल. करड्या सावलीत वळवळणारा नॉइज डोळ्याला टोचतो, काळ्यात गेला की संपला. पण इथे हात सैल सुटतो. मी कितीदा तरी जास्त ओढलेत, त्याचं पुढे सांगतो. क्लॅरिटी १० च्या आसपास, डीहेझ नको, तो सावल्यांतली सगळी घाण वर काढतो.

शार्पनिंग ४० वर आलेलं असतं, ते २५ करा, मास्किंग ६० च्या पुढे न्या. मास्किंग सरकवताना ऑल्ट की दाबून धरली की कुठे धार लागणार ते पांढऱ्या रेघांत दिसतं. कडांना धार लागावी, दाण्याला नको. धार लावलेला दाणा साबुदाण्यासारखा उडून दिसतो.

वरून घातलेला दाणा

संगणकावर फोटोत दाणा वरूनही घालता येतो. त्याला ‘हा खोटेपणा झाला’ म्हणणारे भेटतात. सेन्सरचा नॉइज सावलीत जास्त, उजळ भागात जवळजवळ नाही. थोडा दाणा वरून घातला की कपाळ आणि भिंत सावलीशी नातं सांगायला लागतात. मीठ वरून घेण्यात पाप नाही, कालवण खारट करू नये एवढंच.

माझे आकडे: अमाउंट १५ ते २५, साइज २० ते ३०, रफनेस ५० च्या जवळ. साइज २५ च्या वर गेली की फोटो किंचित मऊ होतो, ते मला चालतं. एकेका पिक्सेलचा दाणा कागदावर दिसत नाही, हे वर पाहिलंच. दोन-तीन पिक्सेलचे पुंजके हवेत. दाणा घालायचा क्रॉप केल्यानंतर, आधी नाही. अर्धा फोटो कापून तेवढाच मोठा केला तर दाणाही फुगतो. फुजीफिल्मवाल्यांना यात एक सोय आहे: २०१६ मध्ये एक्स-प्रो२ कॅमेऱ्यासोबत आलेल्या, अक्रॉस या काळ्या-पांढऱ्या फिल्मची नक्कल करणाऱ्या सिम्युलेशनमध्ये दाणा आयएसओनुसार आणि उजेड-सावलीनुसार कॅमेराच बदलतो.

एके ठिकाणी वरचा दाणा घातल्याशिवाय भागतच नाही, ते म्हणजे धुकं. जानेवारीत सकाळी कृष्णेवर धुकं असतं आणि १९२९ चा आयर्विन पूल त्यात तिसऱ्या कमानीनंतर विरघळतो. आयएसओ १०० वर अगदी तुपासारखा फोटो येतो. जेपीईजी केला की धुक्यात पायऱ्या दिसतात, कारण आठ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ च छटा आणि धुक्याच्या वाट्याला त्यातल्या वीसेक. अमाउंट १५ चा दाणा त्या पायऱ्यांच्या कडा विस्कटून टाकतो आणि धुकं परत धुकं होतं.

मोबाइल आणि कागद

६००० चा फोटो १५०० पिक्सेलचा केला की सोळा पिक्सेलचा एक होतो आणि सुटा नॉइज चौथाईवर येतो. मोबाइलसाठी फोटो आधी लहान करा आणि दाणा नंतर, त्या मापाला घाला. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८०. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलात तर तिथली दाबादाबी दाण्याचे चौकोनी ढेकळे करते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरच्या ग्रुपवर कसाही टाका, तिथे सगळे ‘छान’च म्हणतात.

प्रिंट मॅट कागदावर. चकचकीत कागदावर काळं खोल येतं हे खरं, पण उजेडाची तिरीप आली की दाण्याऐवजी ट्यूब दिसते. लॅबला स्वच्छ सांगा: ऑटो करेक्शन नको, शार्प नको, स्मूथ नको. एकदा मी हे सांगायला विसरलो आणि एका लॅबने मेहनतीने माझा सगळा दाणा पुसून, चेहरे उजळून, वर दोन प्रिंट फुकट दिल्या.

चाचांचा फोटो मी १२ बाय १८ करून कारखान्यात नेऊन दिला. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसला. बघितला. परत पुसला.

“भुसा न्हाय का हा?”

“नाही चाचा, फोटोतच आहे.”

“आसू दे.” मग चष्मा वर करून ते फोटोच्या वरच्या कोपऱ्यात बघत राहिले, जिथे मी काळा मनसोक्त ओढला होता. आढ्याला टांगलेले भोपळे तिथे जेमतेम दिसत होते. ते बोटाने मोजायला लागले. “सात. तवा आठ हुते की. ह्यो आठवा कुठं गेला?”

घरी येऊन फाइल उघडली आणि ब्लॅक्स उणे ४० वरून उणे २२ वर आणले. कोपऱ्यात दाणा वळवळला, आणि त्यात, खांबाच्या मागे, आठवा भोपळा होता. दुसऱ्या दिवशी नवी प्रिंट काढली.